परसातला थिरथिरा शिक्र्याने नेला : नाशिकचे हिवाळी पक्षी आणि त्यांचे शिकारी

परसदारची | १४ डिसेंबर, सकाळी १०:४०

नमस्कार मंडळी. आज मन थाऱ्यावर नाहीये म्हणून लिहायला बसले, विस्कळीत होईल, सांभाळून घ्या.

आम्ही आनंदवलीत राहतो, गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला. जुनं बैठं घर आहे, मागे परसात एक पेरू, एक शेवगा, कढीपत्ता आणि कुंपणाला जास्वंदी. सासूबाई रोज सकाळी ओट्यावर मूठभर बाजरी टाकतात आणि मातीच्या परळात पाणी भरून ठेवतात, वर्षानुवर्षांचा नेम आहे त्यांचा. चिमण्या, बुलबुल, साळुंक्या, शिंपी, शिंजीर अशी नेहमीची मंडळी असतातच, पण मी वाट बघते ती दसऱ्याची, कारण दसऱ्याच्या आगेमागे आमचा थिरथिरा येतो. नर आहे, वरून काळा, पोटाखाली विटकरी, आणि बसला की शेपटी अशी थरथरवत राहतो की जणू थंडी त्यालाच सगळ्यात जास्त वाजतेय. यंदा तिसरा हिवाळा. तोच पक्षी की दुसरा हे छातीठोक सांगता येणार नाही मला, पण बसायची जागा तीच, धुण्याच्या दगडामागची नळाची तोटी.

आज पावणेआठच्या सुमाराला मी ओट्यावर चहा घेऊन उभी होते, आणि एकदम सगळं शांत झालं. म्हणजे कसं, मिक्सर बंद केल्यावर घरात होतं ना तसं. मला काही कळायच्या आत शेजारच्या बोळातून भिंतीला घासून एक तपकिरी पक्षी आला, तुळशीवृंदावनाच्या उंचीने, पंख न हलवता. थिरथिरा तोटीवरून उडाला तो चुकीच्या बाजूला उडाला. एवढंच. नंतर तो पक्षी कुंपणाच्या भिंतीवर बसला, दोन्ही पंख पसरून शिकार झाकून, आणि माझ्याकडे बघितलं त्याने. डोळे पिवळे. मग पिसं उपटायला लागला, आणि मी तिथेच उभी, चहा गार झाला हातात.

त्या शेपटीतलं एक पीस आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे. विटकरी रंगाचं, कडेला किंचित फिकट.

सासूबाई म्हणतात उद्यापासून काठी घेऊन बसते. ह्यांचं म्हणणं पाणी आणि दाणे बंदच करा, आपणच त्या पाखरांना एका जागी गोळा करतोय. मला विचारायचंय की हा पक्षी कोणता, आणि खरंच आम्ही नकळत सापळा लावून ठेवला होता का?

सिडकोवाली | १४ डिसेंबर, सकाळी ११:०५

अगं बाई. वाचून कसंतरी झालं. मी यंदाच नोव्हेंबरात पक्षी सप्ताहात पहिल्यांदा पक्षी बघायला गेले, तिथे कुणीतरी थिरथिरा दाखवला होता आणि तेव्हापासून आमच्या गच्चीवरच्या टाकीवर पण एक मादी येते हे कळलं. तपकिरी असते म्हणून इतकी वर्षं मी चिमणीच समजत होते. तू पाणी बंद करू नकोस असं मनापासून वाटतंय, पण कारण सांगता येत नाही, जाणकारांची वाट बघते.

माळावरचा | १४ डिसेंबर, दुपारी १:२०

शिक्राच असणार. नाशकात गल्लोगल्ली आहे तो. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, निसर्गाचा नियम आहे. शिक्र्याला पण पोट आहे.

गोदाघाट | १४ डिसेंबर, दुपारी १:५२

@माळावरचा, बरोबर आहे तुझं पण जरा दमाने घे की. तीन हिवाळे रोज सकाळी बघितलेला पक्षी डोळ्यासमोर गेला तर वाईट वाटणारच. वाईट वाटणं आणि शिक्र्याला पोट असणं दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

जुनीदुर्बीण | १४ डिसेंबर, दुपारी ४:३०

परसदारची ताई, फार नीट बघितलंत आणि नीट लिहिलंत. ओळख पटवायला थोडं अजून सांगा. छातीवरच्या खुणा आडव्या पट्ट्यांसारख्या होत्या की उभ्या, थेंब ओघळल्यासारख्या? गळ्याच्या मधोमध उभी गडद रेघ होती का? डोळ्यावर पांढरी भुवई ठळक होती का? पाय काडीसारखे बारीक आणि लांब वाटले की जरा आखूड दणकट? आठवेल तेवढंच सांगा, नसेल आठवत तर अंदाजाने नको.

परसदारची | १४ डिसेंबर, संध्याकाळी ६:१५

सगळ्यांचे आभार, गोदाघाट तुझे विशेष.

काका, छातीवर थेंब होते, चॉकलेटी, वरून खाली ओघळल्यासारखे, अगदी तुम्ही म्हणालात तसे. पोटाकडे ते जरा आडवे होत गेल्यासारखे वाटले. गळ्यावर रेघ होती, हे नक्की, कारण पीस उपटताना मान वर करायचा तेव्हा पांढऱ्या गळ्यावर पेन्सिलीने ओढल्यासारखी दिसत होती. पाठ तपकिरी. भुवईचं आठवत नाही. पाय फार लांब नाही वाटले.

जुनीदुर्बीण | १४ डिसेंबर, रात्री ९:१०

मग शिक्राच, आणि तो सुद्धा याच वर्षीचं पिल्लू. मोठा शिक्रा वरून राखाडी असतो, छातीवर बारीक तांबूस आडव्या रेघा, आणि नर असेल तर डोळे लालभडक. तुमचा तपकिरी पाठीचा, पिवळ्या डोळ्यांचा, थेंबाथेंबाच्या छातीचा, म्हणजे उन्हाळ्यात घरट्यातून बाहेर पडलेला. त्याचा हा पहिला हिवाळा.

शंका एवढ्यासाठी घेतली की हिवाळ्यात आपल्याकडे चिमणबाज सुद्धा येतो, उत्तरेकडून, आणि दोघांत गल्लत होते. चिमणबाजाच्या पिल्लाची छाती आडव्या जाड पट्ट्यांची असते, थेंबांची नाही, पाय काटक्यांसारखे आणि मधलं बोट चांगलंच लांब. उडताना डोक्यावरून गेला तर पंखाच्या टोकाची सुटी बोटं मोजा, शिक्र्याला पाच, चिमणबाजाला सहा. मोजायला जमत नाही लगेच, पण हल्ली सगळ्यांकडे कॅमेरे आहेत, फोटो मोठा करून घरी मोजता येतात.

आणि तिसरा एक आहे ज्याने मला स्वतःला कितीतरी वेळा फसवलंय, तो म्हणजे पावशा. पेर्ते व्हा म्हणून ओरडणारा. हिवाळ्यात तो बहुतेक गप्प असतो त्यामुळे आवाजावरून कळत नाही, आणि रंगरूप, शेपटीचे पट्टे, उडण्याची ढब सगळी शिक्र्यासारखी. माणूस सोडा, छोटी पाखरं पण घाबरतात त्याला. ही त्याच्या कामाचीच गोष्ट आहे, कारण अंडी घालायची असतात सातभाईंच्या घरट्यात. ओळखायचा चोचीवरून, पावशाची चोच सरळसोट, शिक्र्याची आकडेबाज. बसताना पावशाचे पंख जरा खाली लोंबल्यासारखे दिसतात.

आता तुमचा खरा प्रश्न, सापळा लावला का. नाही. शिक्रा तुमच्या पाण्यावर जगत नाही. सरडे, पाली, उंदीर, खारीची पिल्लं, मोठे किडे, बेडूक हे सगळं खातो, पक्षी त्यातले काहीच. आणि त्याच्या बहुतेक झेपा फुकट जातात, हे आपल्याला दिसत नाही कारण फुकट गेलेली झेप म्हणजे फक्त एक सावली आणि थोडा कलकलाट. आज सापडला तो दिसला. पहिल्याच हिवाळ्यातल्या शिकाऱ्यासाठी थिरथिरा पकडणं ही मोठी गोष्ट आहे, पुष्कळ पिल्लं वर्ष पुरं करत नाहीत ती उपाशी राहिल्यामुळेच.

काठी नको. आईंना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की तो पाहुणा नाही, गावकरी आहे, थिरथिरा पाहुणा होता.

पंचवटीकर | १५ डिसेंबर, सकाळी ८:००

काकांशी सहमत, फक्त पाण्याच्या जागेबद्दल थोडं. मी जखमी पक्ष्यांचं काम करतो, त्यामुळे अनुभवावरून सांगतो. परळ अगदी झुडपाला चिकटून नको, मांजर दबा धरते. आणि अगदी उघड्यावर पण नको, कारण मग पाखराला पळायला आडोसा नाही. झुडपापासून आठ-दहा फूट बरं पडतं, मांजराची झेप पोचत नाही आणि पाखरू एका भरारीत पानांत शिरतं. घराला मोठी काच असेल तर परळ एक तर काचेला अगदी लागून, हातभर अंतरात ठेवा, नाहीतर चांगला तीस फूट लांब. मधल्या अंतरात ठेवला की शिक्रा आला की पाखरं जोरात सुटतात आणि काचेवर आपटतात. माझ्याकडे येणाऱ्यात काचेचे पेशंट पुष्कळ असतात, लोकांना वाटतं शिक्र्याने मारलं.

परळ रोज घासा. पारवे-होले पाण्याला येत असतील तर त्यांच्या घशाचा एक रोग असतो, तो पाण्यातून दुसऱ्या पक्ष्यांना लागतो आणि तसा होला खाल्ला की शिक्र्याला आणि ससाण्याला पण होतो. साबण नको, काथ्याने खसाखसा घासून उन्हात पालथा घालायचा, बस.

सिडकोवाली | १५ डिसेंबर, सकाळी ८:४५

एक विचारू का, आमच्या गच्चीवर कधीकधी होल्याची पिसं गोलाकार पडलेली असतात, बाकी काहीच नसतं. हे शिक्र्याचं की बोक्याचं? आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे बोक्याच्या नावाने शंख करतात.

पंचवटीकर | १५ डिसेंबर, सकाळी ९:२०

पीस उचलून देठ बघ. शिकारी पक्षी पीस चोचीत धरून उपटतो, त्यामुळे देठ पूर्ण असतो, कधी त्यावर चोचीची चिमट दिसते. मांजर चावून तोडते, देठ अर्धवट कुरतडलेला आणि पिसं लाळेने चिकटलेली असतात. गोलाकार पसरलेली, सुटी, पूर्ण देठाची पिसं म्हणजे बोका निर्दोष.

कादवाकाठ | १६ डिसेंबर, रात्री १०:३०

राम राम मंडळी. दिवसभर बागेत होतो, आता निवांत वाचला धागा. मी निफाडकडचा, द्राक्षवाला. पारा पाच-सहावर आला की आमच्याकडं रात्री बागेत शेकोट्या पेटवायची पाळी येते, धूर करून करून डोळे जातात, पण पहाटे पाच वाजता बागेच्या बांधावर जे पक्षी दिसतात ते तुम्हाला शहरात दिसायचे नाहीत. शेकोटीच्या उबेला किडे निघतात आणि त्यांच्यामागं धोबी पक्षी येतात, पांढरे आणि पिवळे दोन्ही, अगदी पायाशी.

आता शिकारी पक्ष्याचं सांगतो. आमचं आणि पाखरांचं वैर म्हणा की काय म्हणा, मण्यात पाणी उतरलं की बुलबुल आणि भोरड्या बागेवर तुटून पडतात. भोरडी एकटी येत नाही, हजारानं येते, आणि एक मणी पुरता खात नाही, दहा मणी फोडती. फुटलेल्या मण्याचा रस गळला की सगळा घड कुजतो. म्हणून जाळी मारावी लागते. मी पण मारत होतो. दोन वर्षामागं जानेवारीत सकाळी गेलो तर जाळीत एक बुलबुल अडकलेला आणि त्याला धरायला आलेला शिक्रा पण अडकलेला, दोघं हातभर अंतरावर. बुलबुल मेलेला होता. शिक्रा जिवंत, तोंड उघडं, जाळीचा दोरा पंखाच्या सांध्यात रुतलेला. मी गोणपाट टाकलं डोक्यावर, अंधार झाला तसा शांत झाला, आणि कात्रीनं एकेक दोरा कापला. वीस मिनिटं गेली. पाय किती बारीक असतो हो त्याचा, आपल्या पेन्सिलीएवढा, पण एक नखी माझ्या अंगठ्यात गेली ती हाडापर्यंत गेली. सोडला तर थेट रामफळावर जाऊन बसला आणि बराच वेळ पंख साफ करत होता.

त्या दिवसापासून जाळी मारायची पद्धत बदलली. ढिली सोडलेली जाळीच पक्षी मारते. आता चारी बाजूंनी ताणून बांधतो, तारेला, खाली लोंबू देत नाही, आणि रोज सकाळी एक फेरी मारतो. बारीक घराची जाळी महाग पडते पण त्यात पक्षी डोकं घालू शकत नाही. गेल्या हंगामात एक पण पक्षी अडकला नाही.

आणि शिक्रा बागेत असला की भोरड्या टिकत नाहीत हे मी डोळ्यानं बघितलेलं आहे. तो मारतो एखादी, पण उठवतो हजार. कापशी घार पण आमची लाडकी, गव्हावर एका जागी फडफडत थांबती आणि पाय खाली सोडून उंदरावर पडती. हरभऱ्यात आम्ही टीच्या आकाराचे पक्षीथांबे लावतो, कोतवाल आणि वेडे राघू त्यावर बसून घाटेअळी वेचतात. तर ताई, आईंना सांगा काठी उचलू नका, आम्ही शेतकरी लोक त्याला बसायला काठ्या रोवतो.

गोदाघाट | १६ डिसेंबर, रात्री १०:५८

कादवाकाठ दादा, हा प्रतिसाद स्वतंत्र लेख म्हणून यायला हवा. शेवटची ओळ परसदारचीच्या सासूबाईंना वाचून दाखवली पाहिजे.

परसदारची | १७ डिसेंबर, सकाळी ७:३०

दाखवली! काही बोलल्या नाहीत, पण काठी माजघरात परत गेली आहे.

जुनीदुर्बीण | १७ डिसेंबर, दुपारी १२:१५

कादवाकाठ यांनी बागेचा विषय काढला म्हणून एक जुनी गोष्ट. पक्षी खाणारे पक्षी कमी झाले की छोटी पाखरं वाढतील असं आपल्याला वाटतं. इंग्लंडात १९५० च्या दशकाच्या शेवटी चिमणबाज देशाच्या पूर्व भागातून जवळजवळ नाहीसा झाला होता, बियाण्याला चोळायच्या आल्ड्रिन-डिल्ड्रिनसारख्या औषधांनी आणि डीडीटीने. बी खाणाऱ्या पाखरांच्या अंगात थोडं थोडं साठलेलं विष शिकाऱ्याच्या अंगात गोळा होत गेलं. डेरेक रॅटक्लिफ या पक्षी अभ्यासकाने १९६७ साली दाखवून दिलं की ससाणा आणि चिमणबाज यांच्या अंड्यांची कवचं पातळ झाली आहेत, अंडं आईच्याच वजनाने फुटतंय. तर इतकी वर्षं शिकारी नसताना तिथली छोटी पाखरं काही पूर आल्यासारखी वाढली नाहीत. त्यांची संख्या ठरते ती हिवाळ्यात अन्न किती आणि घरट्याला जागा किती यावर. औषधं बंद झाल्यावर चिमणबाज परत आला.

आपल्याकडे गिधाडांचं असंच झालं डायक्लोफेनॅकने, म्हणजे जनावरांना द्यायच्या दुखण्यावरच्या औषधाने, जनावरांसाठी त्यावर बंदी आली २००६ मध्ये. अंजनेरीच्या कड्यावर अजून गिधाडं दिसतात तेव्हा मी दरवेळी मोजतो, सवयच लागली आहे.

म्हणून बागेत फवारणी करताना कादवाकाठ यांच्यासारखा माणूस असणं ही शिक्र्यासाठी फार मोठी गोष्ट आहे.

माळावरचा | १८ डिसेंबर, रात्री ८:४०

परसदारची ताई, त्या दिवशी मी फटकन लिहिलं, मनावर घेऊ नका. माझं गाव येवल्याकडे, लहानपणापासून माळावर शिकारच बघत आलोय त्यामुळे मला ती रोजची वाटते.

आमच्याकडे ममदापूरचं काळवीट राखीव क्षेत्र आहे, तिथल्या माळावर हिवाळ्यात भोवत्या येतात. एकदा यायलाच पाहिजे असं ठिकाण. भोवत्या म्हणजे लांब पंखांचा, लांब शेपटीचा शिकारी, गवतावरून पुरुषभर उंचीने हळूहळू तरंगत जातो, पंख वर इंग्रजी व्ही सारखे धरून, डावीकडे झुकतो उजवीकडे झुकतो, आणि खाली मान घालून ऐकतो. हो, ऐकतो. भोवत्याचा चेहरा घुबडासारखा जरा बशीसारखा असतो, गवतातली खसखस त्याला ऐकू येते. चंडोल, तिरचिमण्या, भारीट हे सगळे गवतात चरत असतात, आणि भोवत्या जवळ आला की चंडोल उडत नाही, जमिनीला चिकटतो. रंग मातीचा, हललाच नाही तर दिसत नाही. मी एकदा एका चंडोलाला भोवत्याच्या सावलीखाली बसून राहिलेला बघितलाय, सावली त्याच्या अंगावरून गेली, तो हलला नाही, भोवत्या पुढे गेला आणि वीस पावलांवर नाकतोडा उचलला.

नाकतोडे आणि टोळ फार खातात भोवत्ये, सगळंच पक्ष्यांवर नसतं.

एक विनंती आहे मात्र. भोवत्ये झाडावर झोपत नाहीत, संध्याकाळी गवतात जमिनीवर उतरतात, एका ठिकाणी बरेच. गेल्या वर्षी काही फोटोवाले संध्याकाळी गाडी गवतात घालून त्यांना उठवत होते, उडतानाचा फोटो मिळावा म्हणून. दिवसभर शिकार करून टेकलेला पक्षी अंधारात उठवला तर तो जाणार कुठे? मी दोनदा जाऊन बोललो, भांडण झालं. कृपा करून रस्ता सोडू नका, आणि सूर्य मावळायच्या आधी माळ सोडा.

सिडकोवाली | १९ डिसेंबर, सकाळी ९:१०

मला यायचंय! पण आधी नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य, ते जवळ पडतं. या रविवारी कोणी जातंय का?

जुनीदुर्बीण | १९ डिसेंबर, सकाळी ९:४५

मी जातोय. सकाळी साडेपाचला निघू, चापडगावच्या मनोऱ्यावर सूर्य उगवायच्या आत पोचायचं. स्वेटर, कानटोपी आणि हातमोजे आणाच, पाण्यावरचा वारा बोचतो. परसदारची ताई, तुम्ही पण या.

परसदारची | २२ डिसेंबर, रात्री ९:५०

आज जाऊन आले आणि आत्ताच लिहिलं नाही तर राहून जाईल.

गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे इंग्रजांच्या काळातला बंधारा आहे, त्यात वर्षानुवर्षं गाळ साठत गेला आणि दलदल, बेटं, गवत, लव्हाळं असं सगळं तयार झालं. १९८६ साली अभयारण्य झालं, आणि आता महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. हे मला माहीत होतं, पण मी आजवर तिथे फ्लेमिंगो बघायला म्हणून एकदाच गेले होते आणि दुपारी बारा वाजता.

आज पोचलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं, काहीच दिसत नव्हतं, फक्त आवाज. काका म्हणाले आवाज ऐका आणि कधी बदलतो ते सांगा. मी आणि सिडकोवाली कान देऊन उभ्या. वारकऱ्यांची कुरबुर चालू होती, म्हणजे ते काळे पांढऱ्या टिळ्याचे पाणपक्षी. लव्हाळ्यात एक शंकर पक्षी दिसला, पहिल्यांदाच बघितला मी, गळ्यावर निळं आणि मधे तांबडं, आणि तो शेपटी उचलून चिखलात टुणटुण करत होता. सिडकोवालीने माझा हात एवढा घट्ट धरला की अजून दुखतोय.

मग कुरबुर बदलली. एकदम चढली आणि सगळे वारकरी चहूकडून पोहत, पाणी उडवत एका गठ्ठ्यात आले. दाट, काळा गठ्ठा. मी म्हटलं काका बदलला, आणि त्यानंतर धुक्यातून दलदली भोवत्या आला. मादी असावी, चॉकलेटी अंग आणि डोकं सायीच्या रंगाचं. त्या गठ्ठ्यावर घिरट्या घातल्या, पाय सोडले, वर घेतले, परत सोडले. वारकरी फुटले नाहीत. काका म्हणाले ती एकट्या पडलेल्याला शोधतेय, आजारी, दुबळा, उशिरा आलेला. कुणीच मागे राहिला नव्हता. पाच-सात मिनिटांनी निघून गेली ती.

आणि नऊच्या सुमाराला, धुकं उठल्यावर, चिखलावरचे टिलवे आणि तुतवार सगळे एकदम उठले. काका ओरडले वर बघा वर बघा. बहिरी ससाणा. उंचावरून पंख मिटून खाली आला, मला तो दिसला असं सुद्धा म्हणता येणार नाही, एक रेघ दिसली. टिलव्यांचा थवा असा वळला की एका क्षणी पांढरा, एका क्षणी करडा, जणू कुणी चादर झटकली. चुकली त्याची झेप. परत उंच गेला आणि निघून गेला मांजरगावच्या बाजूला. काका सांगत होते की अशी झेप घेताना तो ताशी तीनशे किलोमीटरच्या वर जाऊ शकतो, आणि थव्यात एकावर नजर ठरत नाही म्हणूनच थवा असा वळतो.

मी घरी येताना गाडीत सगळा वेळ त्याचाच विचार करत होते. दोन शिकारी बघितले आणि दोघांना काही मिळालं नाही. थिरथिऱ्याच्या दिवशी मला वाटलं होतं की शिक्रा आला म्हणजे पाखरू गेलंच.

कादवाकाठ | २२ डिसेंबर, रात्री १०:२०

ताई आमच्या दारावरून गेला आणि आत आला नाहीत. पुढच्या वेळी बागेत या, हुरडा नाही पण द्राक्ष देतो.

पंचवटीकर | ९ जानेवारी, सकाळी ७:१५

धागा वर काढतोय, कारण संक्रांत आली. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ सालीच देशभर बंदी घातली आहे तरी मिळतो, आणि येवल्यापासून नाशिकपर्यंत झाडाझाडावर लोंबतो. छोटी पाखरं त्यात मरतातच, पण घारी, शिक्रे आणि घुबडं जास्त सापडतात, कारण ती उंचावर आणि जोरात उडतात, दोरा पंखाच्या पुढच्या कातडीत करवतीसारखा जातो. संक्रांत संपली तरी तुमच्या झाडावरचा मांजा उतरवा, तो महिनोन् महिने मारत राहतो.

जखमी शिकारी पक्षी दिसला तर वरून कापड टाका, अंधारात शांत होतो, भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा, तोंडात पाणी ओतू नका, खायला घालू नका, दोरा ओढू नका, आजूबाजूने कापा. वनविभागाचा क्रमांक १९२६. शिक्रा, ससाणा, घार यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, घरी पाळून बरं करायचा मोह नको.

सिडकोवाली | १६ जानेवारी, संध्याकाळी ५:४०

आमच्या सोसायटीतल्या मुलांनी आज गुलमोहरावरून पिशवीभर मांजा उतरवला. आणि गच्चीवरच्या पिसांचे देठ पूर्ण होते, बोका सुटला!

परसदारची | ११ फेब्रुवारी, सकाळी ९:००

बरेच दिवसांनी लिहितेय. परळ आता पंचवटीकरांनी सांगितल्याप्रमाणे जास्वंदीपासून दहा फूट सरकवलाय, आणि सासूबाई रोज काथ्याने घासतात.

तोटीवर महिनाभर कुणी बसलं नाही. मग जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एक थिरथिऱ्याची मादी यायला लागली, आधी शेजारच्या टाकीवर असायची ती. तोटीवर नाही बसत, धुण्याच्या दगडावर बसते. शेपटी तशीच.

आणि शिक्रा आहे. महिन्याभरात मी त्याच्या अकरा झेपा बघितल्या, वहीत लिहून ठेवल्यात. दहा फुकट, अकराव्यात एक सरडा.

आज सकाळी भांडी घासत होते तर शेवग्यातला शिंपी नेहमीपेक्षा वेगळा ओरडायला लागला, एका सुरात, थांबेचना. मग पेरूवरची खार चिकचिक करत शेपटी आपटायला लागली. दोघांची तोंडं बोळाच्या बाजूला. मी हात तसेच साबणाचे ठेवून तिकडे बघत राहिले, मनात पाचपर्यंत मोजले असतील, आणि तो आला, भिंतीला घासून, तसाच. परसात एक पाखरू नव्हतं. थिरथिरी दगडामागे दबकून बसलेली मला दिसत होती, शेपटी सुद्धा हलत नव्हती तिची. शिक्रा सरळ जाऊन शेवग्यावर बसला. पाठीवर दोन-तीन पिसं राखाडी यायला लागलीत त्याच्या.

सासूबाई बाजरीची वाटी घेऊन दारात उभ्या होत्या. "गेला का गं तो?"

"नाही आई, शेवग्यावर बसलाय."

"मग थांबते जरा," म्हणाल्या, आणि पाट घेऊन उंबऱ्यातच बसल्या.